साडेबारा हजार किलोमीटर आणि एक बुधवार

अण्णा,

बुधवारी दुपारी मी विमानतळावर सव्वा तास उभा होतो, चुकीच्या दिवशी. चुकीच्या रांगेत, चुकीच्या खिडकीवर उभं राहण्याचा मला दांडगा अनुभव आहे, पण अख्खा वारच चुकीचा निवडण्याची ही पहिली वेळ.

सिंगापूरचं विमान दीडला वेळेवर उतरलं. माणसं बाहेर आली, ट्रॉल्या आल्या, कडेवरची पोरं आली, सई काही आली नाही. दारातून शेवटची ट्रॉलीही गेली, तेव्हा मी चौकशीच्या काउंटरवर कागद पुढे केला. तिथल्या मुलीनं तो वाचला आणि फार गोड आवाजात सांगितलं, "एटा तो कालकेर फ्लाइट, काकू."

इथे काकांना काकू म्हणतात, त्याची मला तेवीस वर्षांत सवय झाली आहे. 'काल'ची मात्र झाली नाही. बंगालीत काल तो कालच आणि उद्याही कालच. हे मला माहीत आहे. नव्यानं बदली होऊन आलेल्या मराठी मंडळींना मी ते मोठ्या ऐटीत समजावूनही सांगतो. पण घाबरलेला माणूस मायबोलीतच ऐकतो. मी ऐकलं ते असं, की विमान काल येऊन गेलं. म्हणजे माझी चोवीस वर्षांची मुलगी काल दुपारी उतरली, तिला घ्यायला कोणी नव्हतं, आणि तेव्हापासून ती या शहरात कुठेतरी हरवली आहे. ती याच शहरात लहानाची मोठी झाली, हे मला त्या क्षणी आठवलं नाही.

मी मेधाला फोन लावला. "अगं, सई काल आली!"

"काल आली तर आहे कुठे?"

"तेच तर!"

"अहो, 'विमानात बसले' असा तिचा मेसेज आज साडेअकराला आलाय. काल उतरलेली मुलगी आज विमानात कशाला बसेल?"

काउंटरवरच्या मुलीला माझी दया आली. "आगामीकाल, काकू, आगामीकाल," ती म्हणाली. तरीही माझ्या चेहऱ्यावर काही उजाडेना, तेव्हा म्हणाली, "टुमॉरो." मग पेनाच्या टोकानं दाखवलं. पोचण्याची वेळ १३:३०, आणि तिच्या डोक्यावर मुंगीएवढं '+२'. सॅन फ्रान्सिस्कोहून मंगळवारी रात्री अकराला निघायचं आणि तारखेच्या दोन पायऱ्या ओलांडून गुरुवारी दुपारी कोलकात्यात उतरायचं. साडेअकराचा तो मेसेज सिंगापूरहून आलेला नव्हता. ती तेव्हा कुठे सॅन फ्रान्सिस्कोहून निघत होती.

तो '+२' मी पाहिला नव्हता असं नाही. मला वाटलं, दोन बॅगा.

दुसरा कुठला आठवडा असता तर ही गोष्ट मी घरी येऊन तुम्हालाच आधी सांगितली असती, आणि पुढची पाच वर्षं तुम्ही ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितली असतीत. पण डॉक्टर सोमवारी म्हणाले होते, कोणाला बोलवायचं असेल तर आताच बोलवा. बोलवायचं माणूस एकच होतं आणि ते साडेबारा हजार किलोमीटरवर होतं. आणि बुधवारी सकाळी तुमच्या कॉटशी वाकून, मोठ्या आवाजात मी तुम्हाला सांगून बसलो होतो, "अण्णा, आज दुपारी सई येते."

हा साडेबारा हजारांचा आकडा तुमचाच. सईला तिकडे नोकरी लागली त्या आठवड्यातला. मी भिंतीवरच्या नकाशाला पट्टी लावून प्रशांत महासागरावरून एक सरळ रेघ मारली आणि जाहीर केलं, हे अंतर. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून माझ्या रेघेकडे पाहिलंत. कऱ्हाड डेपोत चाळीस वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून काढलेला माणूस नवशिक्या ड्रायव्हरकडे पाहतो, तसं.

"जावईबापू, पृथ्वी तुमच्या भिंतीएवढी सपाट नाही."

मग सईच्या शाळेतला पृथ्वीगोल माळ्यावरून खाली आला. ऑस्ट्रेलियाला पोचा पडलेला, बाकी जग धड. मोजायला दोरा सापडेना, तेव्हा तुम्ही देव्हाऱ्याच्या खणातून नवं कोरं जानवं काढलंत, त्याची गाठ सोडलीत, एक टोक कोलकात्यावर माझ्या अंगठ्याखाली दाबलंत आणि दुसरं सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत ताणलंत. मेधा स्वयंपाकघरातून डोकावली.

"हे काय, पृथ्वीची मुंज लावताय?"

"जावईबापूंची लावायला पाहिजे परत," तुम्ही म्हणालात. "पहिल्या वेळी विद्या चढलेली दिसत नाही."

दोरा महासागरावरून गेलाच नाही. तो चीनवरून वर चढला, सैबेरियातून आणखी वर, अलास्काजवळून खाली उतरला. मी म्हणालो, बर्फावरून कशाला जाईल कोणी? तुम्ही म्हणालात, मी कुठे म्हणतो कोणी जातंय, मी अंतर सांगतोय. मग पट्टी, मग त्रैराशिक, मग वहीच्या मागच्या पानावर आकडा: साडेबारा हजार.

आणि सईचं तिकीट सिंगापूरवरून आहे कळल्यावर तुम्ही जे भडकलात! इथून दक्षिणेला सिंगापूर, तिथून मग अमेरिका. सगळं मिळून साडेसोळा हजार. "चार हजार किलोमीटरचा फेरा! अहो, कऱ्हाडहून साताऱ्याला जायला कोल्हापूर दाखवताय पोरीला." सरळ विमान नाही, सगळीच कुठून ना कुठून वळसा घेऊन जातात, हे तुम्हाला पटलं; पण म्हणून फेऱ्याला अंतर म्हणायचं, हे कधीच पटलं नाही. दोऱ्याचं ते अंतर, चाकाचा तो फेरा. मी म्हणायचो, अण्णा, आजकाल अंतर तासांत मोजतात. सई सव्वीस तासांवर आहे, संपलं. तर तुम्ही म्हणायचात, "सांगली किती लांब विचारलं आणि 'दोन तास' म्हणाला, तर तो माणूस ड्रायव्हर होईल. नियंत्रक नाही होणार."

हा वाद आपण दोन वर्षं घातला. जेवताना, भाजी निवडताना, एकदा तर मेट्रोत उभ्यानं. शेवट झाला नाही. तुम्ही दुसऱ्या कोणाशी इतकं बोलायचा नाहीत, हे मला तेव्हा फार जाणवायचं नाही. मला वाटायचं, सगळ्याच सासऱ्यांना जावयाचा इतका राग येतो.

सासूबाई गेल्यावर मेधा तुम्हाला इकडे घेऊन आली, त्याला अकरा वर्षं झाली. पहिल्या आठवड्यात तुम्ही फक्त गॅलरीत बसलात. आपल्या इमारतीवरून विमानं उतरतात. आम्हाला त्यांचा वैताग होता, बोलता बोलता वाक्य अर्धं सोडून थांबावं लागतं. तुम्हाला त्यांत डेपो सापडला. घड्याळ, वही, पेन्सिल. महिन्याभरात तुम्हाला कुठली 'गाडी' कधीची ते पाठ झालं. "ढाक्याची आली. बारा मिनिटं लेट." लांबच्या प्रवासात कोणी रात्रभर मधल्या विमानतळावर अडकून पडला, की तुमच्या लेखी ते विमान मुक्कामी. खेड्यात रात्रीला थांबून सकाळी परत फिरणाऱ्या मुक्कामी गाड्या तुम्ही आयुष्यभर सोडल्यात, त्यामुळे सिंगापूर हे तुम्हाला त्यातल्या त्यात मोठं खेडं वाटायचं.

आणि सई. तेरा वर्षांची होती तुम्ही आलात तेव्हा. खालच्या मुलांचं ऐकून तिनं तुम्हाला पहिल्याच दिवशी 'दादू' म्हटलं. तुम्ही मेधाकडे वळलात.

"दादू नावाचा आमच्या डेपोत गाड्या धुणारा होता."

"इथे आजोबांना म्हणतात, अण्णा."

"म्हणू दे. चांगला माणूस होता तो."

पण तिच्या 'काल'ला तुम्ही माफी दिली नाहीत. शाळा बंगाली मुलांत, त्यामुळे तिच्या मराठीतही काल दोन्हीकडे पळायचा. "दादू, काल माझी परीक्षा आहे." तुम्ही वर्तमानपत्र खाली न घेता म्हणायचात, "मग आज निकाल असेल." ती चिडायची. "उद्या! उद्या!" आणि दुसऱ्या दिवशी परत, "दादू, मी काल येते तुझ्याबरोबर बाजारात." रोज एक शब्द दुरुस्त करायचात, रोज तो मोडून यायचा. मी म्हणायचो, अण्णा, सोडून द्या, मुलीला कळतं काय म्हणायचंय ते. तुम्ही म्हणायचात, "तिला कळतं. ऐकणाऱ्याला कळायला नको?" ऐकणाऱ्याचा प्रश्न माझ्यावरच उलटेल, असं तेव्हा मला कशाला वाटेल.

ती पहिल्यांदा गेली तो दिवस आठवतो? सिंगापूरहून सकाळी नऊला सुटून ती त्याच तारखेला सकाळी आठला अमेरिकेत पोचली. पंधरा तास विमानात बसून. मी तुम्हाला तारखेची रेघ समजावून सांगायला गेलो (मीच, हो), तर तुम्ही हात वर केलात.

"सुटायच्या तासभर आधी पोचली?"

"कागदावर तसंच दिसतं."

"असली नोंद मी केली असती तर त्याच दिवशी निलंबित झालो असतो."

मग म्हणालात, "म्हणजे त्या पोरीचा कालही कुठेतरी बरोबर होता म्हणायचा." आणि इतके हसलात की खोकला आला. ते तुमचं हसणं मला अजून ऐकू येतं. मोठं नव्हतं ते. डेपोच्या खिडकीमागे बसून हसायची सवय असलेल्या माणसाचं, आतल्या आत.

तर, त्या बुधवारी मी साडेतीनला रिकाम्या हातानं घरी आलो. रिक्षात मी वाक्य ठरवत होतो. 'अण्णा, मी मूर्ख आहे', हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात खरं होतं. पण दार उघडलं तर तुम्ही खुर्चीत. चार दिवस कॉटवरून न उठलेला माणूस, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, दाराकडे तोंड करून बसलेला.

"कुठंय?"

"विमान लेट आहे, अण्णा."

"किती?"

"चोवीस तास."

"मधे मुक्काम पडला?"

"हो. सिंगापूरला. इंजिनात काहीतरी..."

ते बिचारं विमान त्या वेळी प्रशांत महासागरावर अगदी सुरळीत चाललं होतं. तुम्ही डोळे मिटलेत.

"चोवीस तास लेट गाडी मी चाळीस वर्षांत पाहिली नाही. त्या नियंत्रकाला आधी घरी बसवा."

"बसवतो," मी म्हणालो. आणि तुम्हाला कॉटवर निजवून शेजारी स्टुलावर बसलो.

संध्याकाळी तुम्हाला धाप लागली. डॉक्टर येऊन गेले. जाताना म्हणाले, एवढा वेळ बसवायला नको होतं, ताकद राखायला हवी होती. त्यांनी कोणाला उद्देशून म्हटलं नाही. मी मात्र ते घेतलं, अण्णा, आणि अजून ठेवलेलं आहे. तुमच्याकडे उरलेलं जे काही होतं ते तुम्ही त्या दुपारी खुर्चीत खर्च केलंत, चुकीच्या विमानासाठी, माझ्या शब्दावर.

गुरुवारी सकाळी तुम्ही शुद्धीवर होतात आणि ड्यूटीवर होतात. दर थोड्या वेळानं बोट हलायचं. मी फोनवर विमानाचा नकाशा उघडून बसलेलो, मेधा पलीकडे तुमचा हात धरून.

"सुटली?"

"सुटली. साडेनऊला. सिंगापूरहून, अगदी वेळेवर."

तुम्ही थांबलात. श्वास जमवलात. "चोवीस तास लेट गाडी... वेळेवर कशी सुटली?"

मेधानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "अण्णा, मला तुम्हाला एक सांगायचं होतं."

"आधी किलोमीटर सांगा."

पडद्यावर एक पिवळं विमान अंदमानच्या बाजूला होतं. मी म्हणालो, "चौदाशे राहिले."

"दोऱ्याचे? की चाकाचे?"

मला माहीत नव्हतं. फोनवर ते कुठे लिहिलेलं असतं का, ते बघायला मी चष्मा शोधला. तो डोक्यावरच होता. चष्मा लावला, पडदा मोठा केला, आकड्यावर बोट दाबलं, काही उघडेना. मान वर केली तेव्हा मेधा तुमच्याकडे पाहत होती आणि बोट हलत नव्हतं. पावणेबारा झाले होते.

दोऱ्याचे होते, अण्णा. मी नंतर पाहिलं. सरळ रेषेतले. तुमच्या पद्धतीनं मोजलेले.

कोणीतरी विमानतळावर जायलाच हवं होतं. मेधा म्हणाली, तुम्ही जा, तिला टॅक्सीत बसून फोनवर कळायला नको. म्हणून मी पुन्हा त्याच दारासमोर. सई दोन बॅगा ढकलत आली. मला पाहून हसली, मग नीट पाहिलं आणि ट्रॉली तिथेच सोडली.

"दादू?"

मी मान हलवली.

"कधी?"

"पावणेबाराला."

ती हिशेब करत होती. मी ओळखतो तो चेहरा, तुमच्याकडूनच घेतलाय. "तेव्हा मी झोपले होते, बाबा. मला कोणी उठवलं पण नाही." हवेतल्या माणसाला कोण कसं उठवणार? पण मी ते बोललो नाही. मग ती माझ्या खांद्याशी म्हणाली, "मी काल यायला हवं होतं."

काल. तिच्या तोंडून तो शब्द बरोबर जागी पडलेला मी पहिल्यांदा ऐकला. दुरुस्त करायला काही नव्हतं.

तेरावा परवा झाला. सई अजून आठवडाभर आहे. तुमच्या वहीत ती विमानांच्या वेळा लिहिते, मी पाहिलं नाही असं दाखवतो. मला तुमचे आभार मानायचे आहेत आणि कुठून सुरुवात करावी ते कळत नाही. घरात शुद्ध मराठीत माझा अपमान करणारं कोणीतरी होतं म्हणून आमच्या मुलीला मराठी आलं, एवढं तरी नक्की. आणि जे सांगायचं राहिलं ते असं: विमान लेट नव्हतं. नियंत्रक चुकला होता. तुम्हाला ते कळलं होतं का, हे मला कधीच कळणार नाही. कळलं असेल तर तुम्ही मला बोललात कसे नाही, आणि नसेल तर मी तुम्हाला फसवून पाठवलं. दोन्हीपैकी काहीही धरलं तरी झोप लागत नाही. मला माफ करा, अण्णा. वारासाठी, आणि इंजिनासाठी.

हे इथवर लिहिलं आणि आज दुपारी मेधाला वाचून दाखवलं. ती तुमचे सदरे घड्या घालून ठेवत होती. मधे एकदा मुंजीपाशी हसली, एकदा उठून पाणी पिऊन आली. मी संपवल्यावर तिनं पुढचा सदरा मांडीवर घेतला.

मग म्हणाली, "बुधवारी तुम्ही निघालात आणि अण्णांनी मला हाक मारली. दाढी कर म्हणाले. मी त्यांची दाढी कधी केली नव्हती, लहानपणी नुसती दारातून बघायचे. मग खुर्चीत बसवून घेतलं आणि बोलायला लागले. सई येईपर्यंत वेळ जायला हवा म्हणून. आईला बघायला गेले होते तेव्हाचं सांगितलं. मी झाले त्या दिवशी गाड्या खोळंबल्या होत्या म्हणून दवाखान्यात आले नाहीत, ते अजून टोचतं म्हणाले. आईशी कधी बोलले नव्हते ते, माझ्याशी बोलले. जन्मभर तुमच्याशी अंतरं बोलले, सईशी शब्द बोलले. मला 'चहा टाक' आणि 'दार लाव'. त्या दिवशी तीन तास बोलले."

मी म्हणालो, "पण ताकद..."

"हो, गेली ताकद. तुम्ही गुरुवार सांगितला असता तर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले असते, राखून ठेवली असती सगळी. कदाचित सई भेटली असती. तिच्यासाठी मला वाईट वाटतं आणि वाटत राहील." तिनं सदऱ्याची घडी मोडली आणि पुन्हा घातली. "पण माफी मागायची तर इंजिनाची मागा. त्या दुपारची तुम्ही मागू नका. ती दुपार माझी आहे."